अँटीबॉडी निगेटिव्ह, म्हणजे बॅबेसिया नाही?

‘गोचीड चावल्याचं आठवत नाही, अँटीबॉडी टेस्टही निगेटिव्ह, मग गोचिडीचा आजार नाहीच,’ असा समज बराच फिरतो.

अमेरिकेत न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सकडे आढळणाऱ्या बॅबेसियोसिसला, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या बॅबेसिया या रक्तातल्या परजीवीच्या आजाराला, तो लागू पडत नाही. तिथल्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं; चावा बहुतेकदा कळतच नाही. शिवाय हा परजीवी चढवलेल्या रक्तातूनही येऊ शकतो.

आता टेस्ट. अँटीबॉडी आपलं शरीर बनवतं. रिटुक्सिमॅबसारख्या (काही कॅन्सर, संधिवातात देतात त्या) औषधाने त्यासाठी लागणाऱ्या बी पेशीच घटतात, त्यामुळे संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. म्हणून परजीवीच शोधायचा: रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट). स्मिअरमध्ये तांबड्या पेशींत मलेरियासारख्याच कड्या दिसतात. नुकतंच भारतातून परतलेल्यांच्या बाबतीत गफलत सहज होऊ शकते. चार परजीवी क्रुसासारखे जुळलेले दिसले, मलेरियाचं तपकिरी रंगद्रव्य नसलं, तर बॅबेसियाच. परजीवी कमी असतील तर एका स्मिअरवर भागत नाही.

रिपोर्टवर ‘सेरॉलॉजी’ (म्हणजे अँटीबॉडी टेस्ट) आहे की ‘स्मिअर’, ‘पीसीआर’, एवढं स्वतः बघता येतं. प्लीहा नसलेल्यांत हा आजार गंभीर होऊ शकतो; ती काढलेली असेल तर ताप येताच डॉक्टरांना ते आधी सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.