मुंबईतील मैदाने : राखण आणि बंदीचे नियम

सार्वजनिक खेळाचे मैदान खेळासाठीच राहावे, त्याची माती आणि खेळपट्टी टिकावी, आणि ते कधी, कोणी, किती दिवस बंद ठेवायचे हे ठरावे, यासाठीचे कायदे, आदेश व रिवाज. मुंबईत या सगळ्यांची मिळून एक संहिता नाही. नगररचनेचा कायदा, ध्वनिप्रदूषणाचे नियम, उच्च न्यायालयाचे आदेश आणि मैदान ज्याच्या ताब्यात त्या कार्यालयाच्या अटी एकत्र वाचाव्या लागतात. आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदाने राज्य शासनाकडे, तर दादरचे शिवाजी पार्क महापालिकेकडे आहे. त्यामुळे एका मैदानाचा नियम दुसऱ्याला लागेलच असे नाही.

मैदानावर हक्क कोणाचा, हा वाद क्रिकेटइतकाच जुना आहे. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर उरलेल्या एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेवर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. त्याच जागी युरोपियन साहेब पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी ओली जमीन उखडली की ती वाळून दगडासारखी होई आणि चेंडू कसाही उसळे. १८८१ मध्ये क्रिकेट खेळणाऱ्या या पोरांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारकडे सह्यांचा अर्ज धाडला. शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची हकिकत पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवली. सरकारचे निर्णय काही वर्षे इकडून तिकडे हेलकावत राहिले. अखेर समुद्रकाठच्या जागेवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना भूखंड मिळाले. तंटा मिटला, पण मैदान वाटले गेले ते जातधर्माच्या कुंपणाने.

आज मैदानाला पहिले संरक्षण मिळते ते विकास आराखड्यातील आरक्षणाचे. आराखड्यात भूखंडावर ‘खेळाचे मैदान’ अशी नोंद असली की तिथे सहसा इमारत उभी करता येत नाही. नोंद बदलायची तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि शासनाची मंजुरी घ्यावी लागते. याच कायद्याचे कलम १२७ मात्र उलट्या दिशेने काम करते. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित खासगी जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप उठते. नकाशावर हिरवे दिसणारे एखादे मैदान असे चुपचाप जाते. ना मोर्चा, ना बातमी. फाइल कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिली एवढेच कारण. मैदान कायमचे बंद होण्याचा हा सर्वांत कमी चर्चेतला मार्ग आहे.

मोकळ्या जागांबाबत सर्वोच्च न्यायालयाची भूमिका कडक आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय १९९१ मध्ये टिकला नाही. १९९९ मध्ये तर लखनौच्या एका उद्यानाखाली बांधले जात असलेले भूमिगत बाजारसंकुल पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश झाला.

तात्पुरत्या बंदीचे ठळक उदाहरण शिवाजी पार्कचे. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाला आधी माहीम पार्क म्हणत. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले. सुमारे २८ एकरांच्या या जागेत सकाळी नेट लागलेली असतात, कट्ट्यावर आजोबांची फेरी चालू असते, आणि दसरा आला की व्यासपीठ उभे राहते. सभांच्या ध्वनिवर्धकांना कंटाळलेल्या रहिवाशांचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयात गेले आणि मे २०१० मध्ये मैदान शांतता क्षेत्र ठरले. २००० च्या ध्वनिनियमांत अशा क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. साधे बोलणेही त्याहून मोठे असते, मग सभा कुठली? म्हणून दरवर्षी परवानगीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागे. नगररचनेच्या त्याच १९६६ च्या कायद्याचे कलम ३७-अ आरक्षित जागेचा तात्पुरता वेगळा वापर करू देते; त्याआधारे शासनाने २०१६ मध्ये शिवाजी पार्कसाठी वर्षातले ४५ दिवस बिगर-खेळ कार्यक्रमांना मोकळे केले. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांची सोय आणि दसरा मेळावा हे त्यांतलेच. २०२२ मध्ये त्या मेळाव्याच्या परवानगीवरून शिवसेनेच्या दोन गटांत जुंपली तेव्हा निकाल पुन्हा उच्च न्यायालयातूनच आला.

आकडा ४५ चा असला तरी खेळाडूचा हिशेब वेगळा असतो. कार्यक्रम एक दिवसाचा, पण मंडपवाल्यांचे बांबू आणि ट्रक आधी येतात आणि नंतर निघतात. मग मैदानात राहतात ते खांबांचे खड्डे, खिळे, खडी आणि ट्रकच्या चाकोऱ्या. वरवर माती ढकलून बुजवलेला खड्डा पहिल्या पाण्याला खचतो, आणि धावत आलेल्या गोलंदाजाचा पाय नेमका तिथेच मुरगळतो. माळ्याला पुन्हा माती पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून खेळपट्टी बसवावी लागते.  आयोजकाकडून घेतलेली अनामत रक्कम खड्ड्याचे पैसे भरून काढते, बुडलेला सराव नाही.

आझाद मैदानाचा प्रश्न निराळा. २२ खेळपट्ट्यांच्या याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस ढाल या शालेय स्पर्धेच्या सामन्यात ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, आणि याच मैदानाचा एक कोपरा राज्यभरातून येणाऱ्या मोर्चेकऱ्यांसाठी राखलेला आहे. आंदोलनाच्या जागेला सीमा, वेळ आणि संख्येचे बंधन असते. गर्दी वाढली की सीमा पुसली जाते आणि आधी क्रिकेटवाले हटतात. मेट्रो-३ च्या भुयारी कामासाठी मैदानाचा एक भाग वर्षानुवर्षे पत्र्यांआड होता, ती बंदी तर तासांत मोजण्यासारखी नव्हतीच.

साथीच्या काळातही मैदाने बंद झाली. टाळेबंदी शिथिल झाल्यावर उघडलेले ओव्हल मैदान, करोनाचे रुग्ण पुन्हा वाढताच फेब्रुवारी २०२१ मध्ये १५ दिवसांसाठी बंद केले गेले. देखभालीसाठी मैदाने खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण हाही वादाचा विषय राहिला. फाटकाला कुलूप लागेल आणि वस्तीतली पोरे बाहेर राहतील, ही त्यामागची धास्ती. जानेवारी २०१६ मध्ये विरोधामुळे मुख्यमंत्र्यांनी या धोरणाला स्थगिती दिली.

पावसाने मैदान बंद ठेवणे हा जगभरचा नियम. ओल्या जमिनीवर खेळले की गवत मुळासकट निघते. मुंबईने याला अपवाद ठेवला आहे. डॉ. कांगा यांच्या नावाची क्रिकेटची साखळी स्पर्धा १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात, याच मैदानांवर खेळली जाते. तिथे मैदान बंद की चालू हे कोणतेही कार्यालय ठरवत नाही. पंच तंबूतून निघतात, खेळपट्टीजवळ जाऊन बुटाची टाच मातीत दाबतात, आणि पाणी वर आले की परत फिरतात.