हंबकर घेताय? ओहम सोडा, हेन्री विचारा

एका मित्राची इलेक्ट्रिक गिटार सध्या घडतेय. लाकूड ठरलं, नेकची जाडी ठरली, फ्रेट ठरले आणि पिकअपपाशी, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागापाशी, येऊन गाडी अडली. कारागिराने ब्रिजच्या, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्या टोकाच्या, जागेसाठी दोन हंबकर (वायरच्या दोन कॉइल असलेले पिकअप) सुचवले होते, एक ८ किलो-ओहम रोधाचा आणि एक १६ चा. मित्राचा फोन आला, "सोळावाला दुप्पट दणकट असणार ना रे?" हा प्रश्न मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलाय की आता नीट लिहूनच काढतो. सोळावाला दुप्पट दणकट नसतो. का नसतो हे कळायला पिकअपच्या पोटात डोकवावं लागतं, आणि तिथे मला शाळेतल्या विज्ञानाचा सगळ्यात सुंदर उपयोग दिसतो.

आधी एक गैरसमज दूर करू. पिकअप म्हणजे छोटा माइक नव्हे. त्याला हवेतला आवाज ऐकू येत नाही. इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा लावून बघा, कितीही जोरात छेडा, अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) गप्प राहतो. पिकअपला हवं असतं पोलाद. त्याच्या आतल्या चुंबकामुळे वरून जाणाऱ्या तारेचा तेवढा तुकडा स्वतःच चुंबक बनतो. तार हलली की हा तुकडा हलतो, खालच्या कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि कॉइलमध्ये विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. फरक इतकाच की शाळेच्या प्रयोगात आपण चुंबक आत-बाहेर करायचो, इथे चुंबक आणि कॉइल दोन्ही स्थिर असतात आणि हलण्याचं काम तार करते.

कॉइल मात्र साधीसुधी नसते. नेहमीच्या हंबकरमध्ये ४२ नंबरची तांब्याची वायर असते, जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसाइतकी. प्रत्येक कॉइलला साधारण ५००० वेढे, आणि अशा दोन कॉइल. या वायरचा रोध मीटरला साधारण साडेपाच ओहम. तेव्हा ८ किलो-ओहमच्या पिकअपमध्ये जवळजवळ दीड किलोमीटर वायर गुंडाळलेली असते, आणि ती सगळी तळहातावर मावते.

आता इतके वेढे घातलेली कॉइल फक्त गिटारच्या तारेचं ऐकून थांबेल कशी? खोलीतला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक वीजवाहिनी आपलं बदलतं चुंबकीय क्षेत्र पसरवत असते, कुठे सेकंदाला ५० वेळा, कुठे ६० वेळा. कॉइल तेही मन लावून पकडते आणि अँपमधून ती ओळखीची घूंऽऽ सुरू होते. एकच कॉइल असलेल्या पिकअपची गिटार गळ्यात अडकवून अँपजवळ उभे राहा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. घूं वाढत जाते, कमी होत जाते, आणि एका दिशेला तोंड केलं की जवळजवळ विरून जाते. त्या दिशेला बाहेरचं क्षेत्र कॉइलच्या आरपार न जाता तिला बगल देऊन जात असतं. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा अर्धा तास नुसताच फिरत होतो.

पण गाणं वाजवताना एकाच दिशेला तोंड करून कोण उभं राहणार? गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर जो तोडगा काढला, त्याच्या पेटंटचा अर्ज १९५५ चा आहे. १९५७ पासून तो पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर दिसू लागला. गुणगुणीला, म्हणजे 'हम'ला, टक्कर देणारा म्हणून हंबकर.

युक्ती अशी. शेजारीशेजारी दोन कॉइल ठेवायच्या आणि त्या एकसर जोडायच्या. जोडताना दुसरीची दिशा उलटी करायची, म्हणजे प्रवाह पहिलीत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर दुसरीत उलट्या दिशेने. बाहेरून येणारी घूं दोघींवर सारखीच पडते, पण वेढे उलटे असल्यामुळे एकीत अधिक १ तयार झाला तर दुसरीत उणे १. बेरीज शून्य, घूं गेली.

इथे कोणीही विचारेल, मग तारेचा आवाजही जाणार नाही का? इतकंच केलं असतं तर नक्की गेला असता. म्हणून लव्हर यांनी दुसरी गोष्टही उलटी केली, चुंबकाचा ध्रुव. पहिल्या कॉइलमधून उत्तर ध्रुव तारेकडे बघतो, दुसऱ्या कॉइलमधून दक्षिण. तार पहिल्या कॉइलवर एका ध्रुवाचा चुंबक बनते आणि दीड-दोन सेंटिमीटर पुढे, दुसऱ्या कॉइलवर, नेमक्या उलट ध्रुवाचा. तार हलली की पहिलीत अधिक १ येतो. दुसरीत ध्रुव उलटा म्हणून उणे, आणि वेढे उलटे म्हणून पुन्हा उणे. उणे गुणिले उणे, अधिक. बेरीज दोन! बाहेरच्या घूंच्या वाट्याला एकच उलटापालट येते म्हणून ती मरते, आणि तारेच्या वाट्याला दोन येतात म्हणून ती जगते. घूं चुंबकाला विचारत नाही, तारेला मात्र चुंबकाशिवाय बोलताच येत नाही. सारी किमया या एका फरकावर उभी आहे.

आणि यासाठी दोन चुंबकही लागत नाहीत. दोन्ही कॉइलच्या मधोमध, खाली, एकच पट्टी-चुंबक आडवा ठेवलेला असतो. त्याची एक कड एका कॉइलच्या स्क्रूंना टेकते, दुसरी कड दुसऱ्या कॉइलमधल्या लोखंडी खुंट्यांना. एका रांगेला उत्तर ध्रुव मिळतो, दुसरीला आपोआप दक्षिण. हे पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा मी मनातल्या मनात त्या माणसाला नमस्कार केला होता.

हंबकर बसवला म्हणजे सगळा खरखराट बंद, असं मात्र समजू नका. चुंबकीय घूं वेगळी आणि विद्युत क्षेत्रातून येणारी चिरचिर वेगळी. दोन कॉइलची वजाबाकी पहिलीवर चालते. चिरचिरीसाठी पिकअपच्या पोकळीत तांब्याचा पत्रा आणि ब्रिजपर्यंत नीट पोचलेली अर्थिंगची वायर लागते. गिटार नव्याने घडत असेल तर हे आत्ताच करून घ्या, नंतर सगळं उचकटावं लागतं.

दोन कॉइल असण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि हंबकरच्या जाडसर, गोल आवाजात त्याचाही वाटा असतो. दोन कॉइल तारेचं दोन ठिकाणी ऐकतात. तारेची संथ, लांब लहर दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकत्र वर-खाली होते, म्हणून बेरीज होते. पण अगदी बारीक उपस्वरांच्या, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या उंच स्वरांच्या, लहरी इतक्या आखूड असतात की एका कॉइलवर तार वर असताना दुसरीवर ती खाली असते. ते उपस्वर एकमेकांना खातात. कॉइलमधलं अंतर साडेअठरा मिलिमीटर आणि तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरून मी गणित केलं, तर सगळ्यात जाड तारेवर हा खड्डा २९०० हर्ट्झच्या आसपास येतो. सगळ्यात बारीक तारेवर तो ११,५०० च्या पुढे जातो, म्हणजे अँपचा स्पीकर जिथे आधीच थकलेला असतो तिथे. खालच्या तारा गोल आणि वरच्या मोकळ्या वाटतात, त्याचं एक कारण हे.

आता मित्राचे ओहम. रोध मोजायला सोपा, मल्टिमीटर लावला की आकडा तयार, म्हणून तो जाहिरातीत मिरवतो. पण ओहम वेढे मोजत नाहीत. ते वायरची लांबी आणि जाडी एकत्र मोजतात. ४२ नंबरऐवजी ४४ नंबरची बारीक वायर घेतली तर तेवढ्याच लांबीचा रोध सुमारे १.६ पट होतो. म्हणजे ४४ नंबरच्या वायरने १६ किलो-ओहम गाठायला वेढे दुप्पट नाही, सव्वापटच लागतात. चुंबक तोच धरला तर विद्युतदाबही सव्वापट, डेसिबलमध्ये फक्त दोन. पिकअपचे दोन स्क्रू फिरवून तो तारेच्या जरा जवळ आणला तरी एवढा फरक पडतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो. २० अंशांना ८ किलो-ओहम दाखवणारा पिकअप ३० अंशांना ८.३ दाखवेल, आवाज तोच.

मग बदलतं काय? बदलतो इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध. तो हेन्रीत मोजतात, आणि तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जुन्या धाटणीच्या ८ किलो-ओहम हंबकरचा इंडक्टन्स साधारण ४.४ हेन्री धरा. सव्वापट वेढ्यांचा वर्ग काढला की तो ७ च्या घरात जातो. या इंडक्टन्सची जोडी जमते कपॅसिटन्सशी, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेशी, थोडा कॉइलचा स्वतःचा आणि बराचसा गिटारच्या केबलचा. केबलचा मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड, म्हणजे पाच मीटरला ५००, त्यात कॉइलचे १०० मिळवा. झोपाळ्याला जशी स्वतःची एक लय असते तशी या जोडीलाही असते. त्या कंप्रतेला ती आवाज उचलून धरते आणि त्यापुढचं सगळं झपाट्याने कापून टाकते. हा अनुनाद. इंडक्टन्स चौपट झाला तर ही कंप्रता निम्मी होते, असं नातं आहे.

आकडे घातले की ८ किलो-ओहमच्या पिकअपचं शिखर ३१०० हर्ट्झला येतं आणि सोळाच्या पिकअपचं २४५० ला. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो, त्यामुळे हे साडेसहाशे हर्ट्झ सरळ जाणवतात. सोळावाला मित्राला दुप्पट दणकट मिळणार नव्हता, त्याला मिळणार होता जास्त बुटका, मध्यम पट्टीत घट्ट बसलेला आणि वरची चमक गमावलेला आवाज. खच्चून डिस्टॉर्शन वापरणाऱ्याला तो हवाही असेल. पण स्वच्छ आवाजात कॉर्ड वाजवणाऱ्याला तो कांबळ पांघरल्यासारखा वाटेल. म्हणून विचारायचा आकडा हेन्री. बनवणारा तो सांगत नसेल तर निदान वायरचा नंबर तरी विचारा, नुसत्या ओहमवर विश्वास टाकू नका.

केबल पाचऐवजी तीन मीटरची लावली तर तेच ३१०० चं शिखर ३८०० ला चढतं. नवा पिकअप घेण्याआधी हे करून बघा. व्हॉल्यूमचा पॉटही, म्हणजे आवाजाच्या खुंटीमागचा कमी-जास्त होणारा रोधही, या शिखरावर भार टाकतो. २५० किलो-ओहमचा पॉट शिखर दाबून टाकतो, म्हणून हंबकरला सहसा ५०० चा लावतात.

जागेचाही प्रश्न आहे. ब्रिजजवळ तार जेमतेम हलते, नेककडे भरपूर हलते. म्हणून जोडी घेताना ब्रिजच्या पिकअपला वेढे थोडे जास्त हवेत, नाहीतर स्विच टाकला की आवाज पडतो. नेकचा पिकअप चोविसाव्या फ्रेटच्या जागेखाली, म्हणजे तारेच्या एक चतुर्थांशावर असेल, तर मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर तिथे जवळपास ऐकूच येत नाही. ब्रिजपाशी तारांचा पसाराही जास्त असतो. पहिल्यापासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर मोजून कारागिराला कळवा, नाहीतर कडेच्या तारा स्क्रूंच्या बाहेरून जातात.

चुंबकांबद्दल थोडक्यात. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको पाच हा अल्निको दोनपेक्षा ताकदवान. सिरॅमिक त्याहून करकरीत, आणि जास्त ओहमच्या पिकअपचा दणका बऱ्याचदा या चुंबकाकडून येतो, श्रेय मात्र ओहमना मिळतं. लव्हर यांच्या सुरुवातीच्या पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची पट्टी असायची. आज त्या पट्टीभोवती एक पंथ उभा राहिलाय, जुन्या चुंबकात काळाने काहीतरी दैवी उतरतं म्हणे. त्या काळात चुंबकाचा प्रकार ठरलेला नव्हता आणि वेढेही काटेकोर मोजले जात नसत, म्हणून त्यातले दोन पिकअपसुद्धा एकमेकांसारखे नाहीत. काही अप्रतिम आहेत, काही सामान्य. वेढे आणि चुंबक सारखे ठेवले तर तो आवाज आजही बनवता येतो, त्यासाठी काळाची कृपा लागत नाही.

मित्राने शेवटी ब्रिजला ८.५ किलो-ओहमचा, ४२ नंबरच्या वायरचा, अल्निको पाचचा घेतला, आणि नेकला साडेसातचा, अल्निको दोनचा. दोन्हींना चार वायरी, म्हणजे कॉइल हव्या तशा जोडता येतात. समांतर जोडल्या तर इंडक्टन्स चौथ्या हिश्श्यावर येऊन आवाज उजळतो आणि घूं तरीही मेलेलीच राहते. एक कॉइल बंद केली तर मात्र घूं परत येते.

डाख देण्याआधी आम्ही एक चाचणी केली, तीही सांगतो. दोन पिकअप वेगवेगळ्या बनावटीचे असले की त्यांची दिशा एकमेकांच्या विरुद्ध असू शकते, आणि मग दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो. काट्याचा जुना मल्टिमीटर टेबलावर ठेवला, पिकअपच्या वायरी त्याला लावल्या आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पिकअपच्या स्क्रूंवर हलकेच टेकवलं. काटा किंचित उजवीकडे उडाला, ड्रायव्हर उचलल्यावर डावीकडे. मग नेकच्या पिकअपवर तेच केलं, तर काटा आधी डावीकडे उडाला. त्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, पुन्हा ड्रायव्हर टेकवला, आणि या वेळी काटा उजवीकडे गेला. मग डाख देण्याचं यंत्र गरम करायला लावलं.