पार्श्वभूमी: ‘स्कंकवर्क्स’ आणि मुखपृष्ठावरच्या नावाचा वाद

‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याच्या सोलो कामाचा विषय निघाला की गाडी १९९७ आणि १९९८ च्या अल्बमवर येऊन थांबते. फेब्रुवारी १९९६ मध्ये आलेला ‘स्कंकवर्क्स’ मात्र ग्रंजच्या, म्हणजे नव्वदीतल्या सिअ‍ॅटलच्या खरखरीत रॉकच्या, नादी लागून केलेला उद्योग म्हणून बाजूला सारला जातो. हा शिक्का अन्यायाचा आहे.

मेडन सोडल्यावर १९९४ चा अल्बम त्याने लॉस एंजेलिसमधल्या एका तयार बँडला सोबत घेऊन केला. दौऱ्यासाठी मात्र गिटार, बास आणि ड्रम्सवर तीन नवे, फारसे नाव नसलेले वादक घेतले. त्याच डिसेंबरात हे चौघे बोस्नियातल्या युद्धात वेढ्यात सापडलेल्या सारायेव्होत पोहोचले, तेही ट्रकमध्ये बसून इगमन डोंगरावरून. बाहेर तोफा, आणि आत सभागृह गच्च भरलेले. अशा प्रवासानंतर ‘मुख्य गायक आणि त्याचे साथीदार’ हे नाते फारसे उरत नाही. पुढची बहुतेक गाणी गायक आणि गिटारवादक यांनी मिळून लिहिली. निर्माता निवडला तो सिअ‍ॅटलचा, ‘निर्वाणा’ या ग्रंज बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करणारा.

डिकिन्सनला ‘स्कंकवर्क्स’ हे बँडचे नाव म्हणून हवे होते. तो स्वतः वैमानिक. ज्या गुप्त अमेरिकी विभागात यू-२ आणि एसआर-७१ ही हेरविमाने घडली, त्याचे हे नाव. रेकॉर्ड कंपनी अडून बसली: मुखपृष्ठावर डिकिन्सन हे नाव नसेल तर अल्बम निघणार नाही. धंद्याच्या हिशेबाने तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. अनोळखी बँडची सीडी कोण उचलणार? पण त्या एका नावाने ऐकणाऱ्याची अपेक्षा ठरवून टाकली. मेडनच्या श्रोत्याला दोन गिटारींची जुळी सुरावट हवी होती. इथे गिटार एकच, गाणी आटोपशीर, आवाज बराच वेळ मधल्या पट्टीत. ‘बॅक फ्रॉम द एज’ किंवा ‘इनर्शिया’ एका नव्या बँडचे पदार्पण म्हणून ऐकून पाहा. बास आणि ड्रम्स मागे रेंगाळत नाहीत, गाण्याचा भार अंगावर घेतात. गायकही त्यांना जागा देतो. ‘सोलो’ म्हणून विकलेल्या या रेकॉर्डमध्ये एकटेपणाचा मागमूस नाही. माझ्या मते कंपनीचा तो हट्टच या अल्बमला सर्वांत महागात पडला, ग्रंज नव्हे.

खप बेताचाच झाला आणि दौरा संपल्यावर चौकडी फुटली. १९९७ मध्ये मेडनचाच एक जुना गिटारवादक सोबत आला, मेटल परतले, आणि १९९९ मध्ये दोघेही मेडनमध्ये. त्यानंतरच्या यशाने मधली दोन वर्षे झाकूनच टाकली. फेब्रुवारी २००८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनने जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम केला, तेव्हा दौऱ्याचे बोइंग ७५७ चालवणाऱ्यांत हाच गायक होता. त्या गर्दीतल्या किती जणांनी ‘स्कंकवर्क्स’ ऐकला असेल?

२००५ च्या पुनर्प्रकाशनात स्पेनमधल्या १९९६ च्या कार्यक्रमांचे थेट ध्वनिमुद्रण जोडले आहे. आधी ते जपानमध्ये वेगळे निघाले होते. शंका असेल त्याने तिथूनच सुरुवात करावी. स्टुडिओपेक्षा तिथे हे चौघे अधिक मोकळे वाजतात.