दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक?

‘हेडलाइट लागतात पण सेल्फ फिरत नाही, म्हणजे बॅटरी चांगली आणि स्टार्टर गेला’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. ऐकायला पटतोही, कारण दिवे डोळ्यांना दिसतात.

गोम करंटमध्ये आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे मिळून साधारण ९-१० अँपिअर घेतात, तर इंजिन फिरवताना स्टार्टर शंभराच्या वर सहज जातो. थकलेली बॅटरी पहिलं काम निभावते, दुसऱ्याला मान टाकते.

म्हणून दिवे चालू ठेवूनच चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले किंवा नुसती टकटक आली, तर संशय आधी बॅटरीवर आणि टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीला तारा जोडतात त्या टोकांवर. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी दिसते का, हाताने ते हलतं का, बघा. मल्टिमीटर असेल तर उत्तमच: पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चावी फिरवताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी दमलीय.

दिवे जराही मंदावले नाहीत आणि आवाजही नाही? मग बहुधा करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाहीये. गिअरच्या अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पेडलमागे छोटा स्विच असतो. कधी कधी पेडलखाली सरकलेलं मॅटच आडवं येतं! ते काढून, गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच तळापर्यंत दाबा. तरीही शांतता असेल तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), चावीचा स्विच बघायचा आणि मगच स्टार्टर उतरवायचा.