४४०००१ (संख्या)

४४०००१ (चार लाख चाळीस हजार एक) ही सहा अंकी विषम संख्या. नागपूरकरांना ती पिनकोड म्हणून पाठ आहे: सिव्हिल लाइन्समधल्या जनरल पोस्ट ऑफिसचा हा क्रमांक. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यात ४४ ने विदर्भ कळतो, ४४० ने नागपूर आणि शेवटच्या तीन अंकांनी टपाल वाटणारे पोस्ट. हा क्रमांक ठरला तो टपालाच्या सोयीने, पण संख्या म्हणूनही तो निरखण्यासारखा आहे.

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि भागाकार ४८८८९ येतो. ही मूळ संख्या आहे. तिचे वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे, तेव्हा २ पासून २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनी भागून पाहिले की खात्री पटते. कागद-पेन्सिल घेऊन एकदा तरी करून पाहावे असे हे काम आहे. ७ ने भागताना बाकी १, ९७ नेही १. १९, ३१ आणि ८३ ला बाकी २. भाग अगदी जाता जाता राहतो. म्हणजे ४४०००१ = ३² × ४८८८९, आणि विभाजक सहाच: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ व ती संख्या स्वतः. तिच्या अलीकडच्या ४४०००० ला मात्र ७० विभाजक आहेत! एकाच्या फरकाने एवढे अंतर पडते.

सर्वांत देखणा गुणधर्म वर्गांचा. ४८८८९ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि तीही एकाच प्रकारे, हा फ्रेंच गणिती फर्मा यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत. येथे ते वर्ग २०८² + ७५². २०८ आणि ७५ यांची तिप्पट केली की ४४०००१ = ६२४² + २२५². पडताळा: ३८९३७६ + ५०६२५. त्यातही २२५ म्हणजे १५², आणि ६२४ हा २५² पेक्षा एकाने कमी. म्हणजे ६२४ मीटर लांब व २२५ मीटर रुंद आयताकृती मैदानाच्या कर्णावर चौरस काढला, तर त्याचे क्षेत्रफळ बरोबर ४४०००१ चौरस मीटर भरेल.

पत्ता लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होणे ही नेहमीची चूक. पिनकोडात ती पकडणारा पडताळा-अंक नाही. ४४०००१ ऐवजी ४०४००१ लिहिले तरी अंकांची बेरीज ९ च राहते, त्यामुळे ९ ची कसोटी येथे कुचकामी. ११ ची कसोटी मात्र चूक पकडते: ४४०००१ ला ११ ने भागल्यास बाकी १, ४०४००१ ला ४. शेजारचे कोणतेही दोन वेगळे अंक अदलाबदल झाले, तर ११ ची बाकी बदलतेच.