सोयाबीनची पानं आणि 'इकोसाइड'

सोयाबीनला फुलं लवकर यावीत, थंडी पडायच्या आत पीक हाती लागावं, एवढाच हेतू. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉय विद्यापीठात आर्थर गॅल्स्टन हा विद्यार्थी त्यासाठी रोपांवर ट्रायआयोडोबेंझोइक आम्ल फवारत होता. मात्रा थोडी असली की फुलोरा लवकर येई. जास्त झाली की पानं देठापासून सुटून गळून पडत. पानगळ घडवणाऱ्या रसायनांच्या शोधात असलेल्या लष्करी संशोधकांनी पुढे हीच नोंद उचलली.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनाममध्ये सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली. त्यात सर्वाधिक होतं 'एजंट ऑरेंज'. पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यामुळे हे नाव पडलं. त्यातलं अर्धं रसायन म्हणजे टू-फोर-डी, आपल्याकडे उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारतात तेच. (त्याचा वारा शेजारच्या कपाशीला लागला की पानं भेंडीसारखी होतात, हे कापूसवाल्यांना सांगायला नको.) खरा घात उरलेल्या अर्ध्यात होता. २,४,५-टी तयार होताना त्यात डायॉक्सिन हे जहाल विष उतरत असे. खारफुटी तर एकाच फवारणीत मरून जाई.

गॅल्स्टन यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत त्यांनी या संहाराला नाव दिलं: इकोसाइड, म्हणजे निसर्गाचीच हत्या.

नाव मिळालं, कलम नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या कायद्यात पर्यावरणाची हानी येते ती फक्त युद्धगुन्हा म्हणून. शांततेच्या काळात नदी मारली तर ते कलम लागतच नाही. २०२१ मध्ये कायदेतज्ज्ञांच्या एका गटाने व्याख्या सुचवली. तिचा सारा जीव मला 'माहीत असूनही' या अटीत दिसतो: गंभीर आणि व्यापक किंवा दीर्घकालीन हानीची दाट शक्यता ठाऊक असताना केलेलं बेकायदा वा बेफिकीर कृत्य. प्रयोगशाळेतला गॅल्स्टन यात अडकत नाही. पण धोक्याचा अहवाल टेबलावर असूनही सही करणारा अडकू शकतो. २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ या बेटदेशांनी हा गुन्हा न्यायालयाच्या कायद्यात घालण्याचा रीतसर प्रस्ताव मांडला. भारत या न्यायालयाचा सदस्यच नाही.

आणि 'दीर्घकालीन' म्हणजे किती? फवारणी १९७१ मध्ये थांबली. व्हिएतनाममधल्या दा नांग विमानतळावरची विषारी माती ढिगाने रचून तीनशे अंशांहून जास्त तापवावी लागली. ते काम संपलं २०१८ मध्ये.