फाट्यावरचा स्टेंट आणि आतून बघायची भानगड

हृदयाच्या धमनीत ब्लॉकेज कुठंही होऊ शकतं, पण त्याची एक आवडती जागा असते ती म्हणजे फाटा. मोठी नळी जिथं दोन फांद्यांत फुटते ती जागा. सरळ नळीत रक्त एका लयीत भिंतीला घासत पुढं जातं, फाट्यावर मात्र धार दुभंगते आणि बाहेरच्या बाजूच्या भिंतींपाशी रक्त मंदावतं, रेंगाळतं, मग नदीच्या वळणाला आतल्या अंगाला गाळ धरतो तसा चरबीचा थर तिथंच धरायला लागतो. अँजिओप्लास्टीच्या, म्हणजे फुगा आणि स्टेंटची जाळी घालून नळी मोकळी करण्याच्या, दर शंभरात साधारण 15 ते 20 केसेस फाट्यावरच्या असतात आणि डॉक्टरांचं डोकं खाणाऱ्या केसेसमधे यांचा नंबर फार वरचा.

का ते समजून घ्यायचं तर आधी अँजिओग्राफी म्हणजे नेमकं काय दिसतं ते बघू. धमनीत डाय म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव सोडतात, एक्स-रे चालू असतो, स्क्रीनवर काळ्या मुळांसारखं जाळं उमटतं आणि आपण म्हणतो "बघा, इथं ब्लॉक आहे". पण ती धमनी नसते हो, ती सावली असते, आतल्या पोकळीत भरलेल्या डायची. भाकरी दिव्यासमोर सरळ धरली तर भिंतीवर गोल सावली पडते, तीच आडवी फिरवली की नुसती रेघ. ब्लॉकेजचंही तसंच, एका कोनातून 40 टक्के वाटणारं दुसऱ्या कोनातून 70 टक्के वाटू शकतं. आणि फाट्यावर तर दोन नळ्यांच्या सावल्या एकमेकींवर चढतात, त्यामुळे बाजूच्या फांदीचं तोंड नेमकं किती अरुंद आहे हे अनुभवी डोळ्यालाही चकवतं.

बरं, दिसलं नीट तरी पुढचं काम सोपं नाही. फाट्याच्या आधीची आई-नळी दोन्ही लेकींपेक्षा जाड असते, आणि याचा एक ढोबळ हिशोबसुद्धा आहे: दोन्ही फांद्यांच्या व्यासांची बेरीज करून 0.678 ने गुणायचं. एक फांदी 3 मिमी आणि दुसरी 2.5 मिमी असेल तर वरची नळी 3.7 मिमीच्या आसपास येते. आता एकच स्टेंट वरून खाली घालायचा, तो खालच्या 3 मिमीच्या मापाने निवडला तर वरच्या भागात ढगळ बसणार, भिंतीला टेकणारच नाही, आणि वरच्या मापाने घेतला तर खाली नळी फाटायची भीती. म्हणून खालच्या मापाचा स्टेंट बसवतात आणि मग एक आखूड जाड फुगा घेऊन फक्त वरचा भाग पुन्हा फुगवतात.

त्यातून स्टेंट म्हणजे जाळी, ती बाजूच्या फांदीच्या तोंडावरून जाते आणि तोंडाशी तारांचं कुंपण तयार होतं. गरज पडली तर जाळीच्या एका भोकातून वायर आत घालून, फुगा फुगवून ते तोंड मोकळं करायचं. इथं खरी गंमत आहे. वायर कुठल्या भोकातून गेली याला फार महत्त्व असतं, खालच्या टोकाजवळच्या भोकातून गेली तर तारा छान बाजूला सरतात, वरच्या भोकातून गेली तर तारा तोंडातच लोंबकळत राहतात, आणि कधी कधी तर वायर स्टेंट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरते, मग फुगा फुगवला की अख्खा स्टेंटच चेपतो. तारांची जाडी बहुतेक 60 ते 80 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), केसाएवढी. हे सगळं सावलीत बघून ओळखायचं म्हणजे जवळजवळ अंदाजपंचेच.

म्हणून आतून बघायचं. ओसीटी म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, डोळ्याच्या दवाखान्यात पडद्याचा स्कॅन काढतात तेच तंत्र. बारीक कॅथेटरमधला प्रकाशाचा धागा गरगर फिरत मागं ओढला जातो, इन्फ्रारेड प्रकाश भिंतीवरून परत येतो आणि 10 ते 20 मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो. स्टेंटची एकेक तार मोजता येते, वायर कुठल्या भोकातून गेली तेही कळतं. अडचण एकच, रक्तातून हा प्रकाश जात नाही, म्हणून त्या दोन-तीन सेकंदांपुरतं डाय मारून रक्त बाजूला सारावं लागतं.

आता याने पेशंटला फायदा होतो का, की नुसतीच सुंदर चित्रं? यावर युरोपातल्या 38 हॉस्पिटल्समधे ऑक्टोबर नावाची ट्रायल झाली, सूत्रं डेन्मार्कच्या आरहूसमधून हलत होती. फाट्यावर अवघड ब्लॉकेज असलेले 1201 पेशंट घेतले, निम्म्यांचं काम ओसीटी बघत केलं आणि निम्म्यांचं अँजिओग्राफीवर. निकाल ऑगस्ट 2023 मधे ॲमस्टरडॅमच्या परिषदेत आले. दोन वर्षांत हृदयामुळे मृत्यू, त्याच जागेमुळे हार्ट अटॅक किंवा त्याच जागेवर पुन्हा इलाज यातलं काहीतरी झालेले पेशंट अँजिओग्राफीच्या गटात 14.1 टक्के आणि ओसीटीच्या गटात 10.1 टक्के. म्हणजे साधारण 25 जणांचं काम आतून बघत केलं की एकाची भानगड टळते. मला हा आकडा चांगला वाटतो, कारण औषध तेच, स्टेंट तसलेच, फरक फक्त नीट बघण्याचा.

पण त्याच परिषदेत इल्युमियन-4 नावाच्या 2487 पेशंटच्या ट्रायलचाही निकाल आला. त्यात फाट्याची अट नव्हती, डायबेटिसवाले आणि वेगवेगळ्या प्रकारची अवघड ब्लॉकेजेस होती. तिथं ओसीटीमुळे स्टेंट जास्त मोकळा फुलला खरा, पण दोन वर्षांनी एकूण त्रासात ठोस फरक दिसला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांना ओसीटी करा असं त्यावरून म्हणता येत नाही, पण फाट्यावर मात्र चुकायच्या जागा इतक्या आहेत की तिथं बघण्याची किंमत वसूल होते. 2024 मधे युरोपच्या हृदयरोग संघटनेने अवघड ब्लॉकेजेससाठी, त्यात असे फाटेही आले, आतून इमेजिंग करण्याची सगळ्यात वरच्या दर्जाची शिफारस केली.

ओसीटीच करावं असंही नाही. आवाजाच्या लहरींवर चालणारं आयव्हस हे जुनं भावंड आहे, चित्र तितकं बारीक येत नाही पण भिंतीत जास्त खोल दिसतं, आणि मुख्य म्हणजे रक्त बाजूला सारायची गरज नाही. त्यामुळे किडनी अशक्त असेल तर तिला जड जाणारं डाय वाचतं. डाव्या मुख्य धमनीच्या अगदी उगमापाशी तर आयव्हसच बरं पडतं, कारण तिथं डायने रक्त नीट धुतलं जात नाही. दोन्हीत वेळ जास्त जातो आणि कॅथेटरचं बिल वेगळं लागतं. भारतात सरकारने फेब्रुवारी 2017 मधे औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली तेव्हा त्याची खूप चर्चा झाली, पण आत बघायचं कॅथेटर त्या स्टेंटच्या किमतीत धरलेलं नसतं, त्यामुळे केस फाट्यावरची आहे असं कळलं की "आतून बघणार का आणि त्याचे वेगळे किती" हा प्रश्न नातेवाइकांनी सही करायच्या आधीच विचारलेला बरा, कारण पेशंट टेबलावर असताना कोणी भाव विचारत बसत नाही.